नुसता गॅस भरून मिळणार नाही

दादाच्या गॅरेजला नाव नाही. दाराशेजारी एक पत्रा टांगलेला आहे आणि त्यावर त्याने स्वतःच्या हाताने निळ्या रंगात लिहिलंय : ‘नुसता गॅस भरून मिळणार नाही.’ अक्षर असं, की लहानपणी ताईने त्याच्या हातावर मारलेल्या पट्ट्या फुकटच गेल्या म्हणायच्या. पण मजकूर सगळ्यांना कळतो, आणि निम्मी गिऱ्हाइकं तो वाचून तिथूनच गाडी वळवतात.

गाड्यांचे एसी दुरुस्त करणं हा माझ्या दादाचा धंदा. अठरा वर्षं तो हे एकच काम करतोय. येणारा माणूस काच खाली करतो आणि म्हणतो, “जरा गॅस मारून द्या हो, गार होत नाहीये.” झालं, दादाचं डोकं फिरतं. “गॅस म्हणजे पेट्रोल आहे का, संपायला?” त्याचं म्हणणं खरं आहे हे मला मान्य आहे. एसीच्या बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलमध्ये तो गाडीतली उष्णता उचलतो, पुढच्या जाळीत नेऊन बाहेर टाकतो आणि पुन्हा आत येतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता वरून गॅस भरायचा म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतायचं. सगळं खरं, पण खरं बोलायचीही एक रीत असते आणि ती आमच्या दादाला कधी जमली नाही.

त्याच्या गॅरेजमध्ये पंखासुद्धा नाही. लोकांच्या गाड्या गार करणारा हा माणूस स्वतः दिवसभर घामाने निथळत असतो. कारण विचारलं तर म्हणतो, वाऱ्याने गळलेला गॅस उडून जातो आणि मग गळती हाताला लागत नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लांब दांडीचं थर्मामीटर असतं. भिंतीवरच्या खिळ्याला गेज टांगलेलं असतं, म्हणजे एक निळी आणि एक लाल अशा दोन तबकड्या आणि त्यांना तीन रबरी नळ्या. गाडीत गॅस भरायची दोन तोंडं असतात. त्यांच्यावर या नळ्या चढवल्या की आतला दाब काट्यावर दिसतो. हे गेज त्याला त्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने दिलेलं आहे. दादा त्याला जपतो तेवढं आपल्याला जपत नाही, असं वहिनी येईल त्याला सांगते.

आम्ही तीन भावंडं. सगळ्यांत मोठी ताई, मग दादा, आणि शेंडेफळ मी. लहानपणी दादा इतका संथ होता की ताईने त्याचं नाव ‘थंडोबा’ ठेवलं. शाळेची वेळ झालेली, आम्ही दोघी चपला घालून दारात, आणि हा आपल्या मोज्याचं भोक नेमकं कुठून सुरू झालंय ते न्याहाळत बसलेला. पुढे तो एसीच्या धंद्यात पडला तेव्हा ताई म्हणाली, “नाव ठेवताना मला किती लांबचं दिसत होतं बघ.”

आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती, दादा बारा आणि मी आठ. वडील होते, पण ते असून नसल्यासारखे. घर ताईने चालवलं, स्वतः शिकली, कॉलेजात गणिताची प्राध्यापक झाली आणि त्यातच दादाला दहावीला बसवलं. त्याला गणितात बरोब्बर पस्तीस मार्क पडले. ताईने ते गुणपत्रक भिंतीवर लावलं. स्वतःची पहिल्या नंबराची गुणपत्रकं कुठे ठेवलीत हे तिला आजही सांगता येणार नाही. या एका गोष्टीमुळे दादा तिच्यासाठी जीव टाकतो. तोंडाने बोलणार नाही, पण टाकतो.

तीन वर्षांपूर्वी ताईला मज्जातंतूंचा आजार जडला. डॉक्टरांनी सांगितलं ते असं : नसांवरचं आवरण झिजलंय, अंग तापलं की मेंदूचे निरोप वाटेतच अडकतात. थंडीत, गारव्यात ताई जवळजवळ पहिल्यासारखी असते. पण अंगातली उष्णता अर्ध्या अंशाने जरी चढली, तरी आधी तिच्या डोळ्यांपुढे धुकं येतं आणि मग पाय जातात. गारव्यात बसवलं की काही तासांत सगळं परत येतं. कायमचं नुकसान होत नाही, पण तेवढ्या वेळात ती पडली, आपटली तर काय, हा घोर असतोच.

दोन वर्षं ती रजेवर होती. मग कॉलेजकडून पत्र आलं. उन्हाळी सत्रात कामाचे चोवीस दिवस आहेत, ते एकही खाडा न करता आणि एकही तास न बुडवता पूर्ण केले तर नोकरी पुढे चालू, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्र वाचून मी प्राचार्यांच्या नावाने बरंच काही बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. ताईने मात्र पत्राची घडी घातली आणि म्हणाली, “चोवीसच ना? होतील.”

तिचं घर गार होतं. कॉलेजातली तिची खोली आणि वर्गही गार होता. मधला रस्ता तेवढा उरला. चाळीस किलोमीटर, जवळजवळ तासाचा प्रवास, ऐन उन्हाळा आणि माझी अकरा वर्षांची गाडी. मी घरी शिवणकाम करते, माझा वेळ माझ्या हातात असतो, त्यामुळे ने-आण माझ्याकडे आली. आणि सत्र सुरू व्हायला तीन आठवडे असताना दादाने थंडी संपताना गेज लावून तपासून दिलेला माझ्या गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला.

मी निर्धास्त होते. सख्खा भाऊ याच कामातला म्हटल्यावर काळजी कसली? दादाने गेज लावलं, गॅस कमी होता. मग त्याने त्याच्या पद्धतीने गळती शोधायला घेतली. नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबून भरला आणि संध्याकाळपर्यंत गेजच्या काट्याकडे बघत बसला. काटा तसूभर हलला नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला, एकही बुडबुडा आला नाही. गॅसबरोबर चमकणारं रसायन सोडलं, निळा दिवा घेऊन गाडीच्या पोटाखाली शिरला, वर आला, पुन्हा शिरला. कुठेही हिरवी चमक नाही. शेवटी शंका नको म्हणून सांध्यांमधल्या सगळ्या रबरी रिंगा बदलल्या आणि गॅस भरून गाडी दिली. दहा दिवसांत एसी पुन्हा ढेपाळला.

आता दादाचं जेवणावरचं लक्ष उडालं. तो म्हणाला, उरली फक्त आतली कॉइल. ती डॅशबोर्डच्या पोटात असते, म्हणजे सगळा डॅशबोर्ड उतरवायचा. दोन दिवस माझ्या गाडीचा सांगाडा त्या पंखा नसलेल्या खोलीत पडून होता. स्टिअरिंग लोंबकळतंय, वायरींचे गुंते बाहेर आलेत आणि मधोमध माझा थंडोबा घाम पुसतोय. कॉइल काढून त्याने तिच्यात हवा दाबली, ती पाण्याच्या टबात बुडवली आणि गुडघ्यांवर बसून बघत राहिला. पाणी शांत. कॉइल नव्यासारखी होती. सगळं पुन्हा जोडलं, गॅस भरला. या वेळी एसी सात दिवस टिकला.

सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी गाडी घेऊन दारात उभी राहिले आणि दादा म्हणाला, “आणखी दोन दिवस ठेव. कॉम्प्रेसरचं सील बघतो.”

मग मात्र माझा तोल गेला. “उद्या सकाळी पावणेदहाला ताईला न्यायचंय! तुझी गळती घाल चुलीत. गॅस भर आणि गाडी दे.”

“नुसता गॅस मी भरत नाही.”

“माहितीये. वाचून वाचून पाठ झालंय. ताईचे चोवीस दिवस महत्त्वाचे की तुझा तो पत्रा?”

तो बाहेर गेला, पत्रा खिळ्यावरून उचलला आणि अक्षरं भिंतीकडे करून परत टांगला. मग आत येऊन गॅस भरला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने हे केलं आणि ते मी करायला लावलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या दिवशी मी ते तोंडावर दाखवलं नाही.

सोमवार आणि मंगळवार छान गेले. ताई गाडीत बसायची, मांडीवर वही, हातात दादाने दिलेलं थर्मामीटर. एसीच्या झडपेतून येणारी हवा किती अंश, आपले पाय कसे आहेत, नजर कशी आहे, सगळं लिहून काढायची. गणिताची बाई, तिला नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. कॉलेजच्या दाराशी एकोणीस पायऱ्या आहेत. त्या ती एका हाताने कठडा धरून चढायची आणि वर पोचली की मागे वळून मला जायची खूण करायची.

बुधवारी संध्याकाळपासून दादाने नवीन उद्योग सुरू केला. आम्ही घरी पोचलो की हा गेज घेऊन दारात हजर. नळ्या चढवायच्या, दाब बघायचा, मान हलवायची, नळ्या काढायच्या. “ताईला वाटेत त्रास नको,” एवढंच म्हणायचा. गुरुवारी दाब उतरलेला दिसला, गॅस भरला. रविवारी पुन्हा भरला. सोमवारी संध्याकाळी येऊन बघून गेला, दाब ठीक होता.

आणि मंगळवारी, आठव्या दिवशी, अर्ध्या वाटेत एसीने मान टाकली.

पुढे एक ट्रक आडवा झाला होता. मागेपुढे गाड्याच गाड्या, वर ऊन, आणि झडपेतून इंजिनाचा गरम श्वास. काचा उघडल्या तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम. मी ओढणी बाटलीतल्या पाण्यात भिजवून ताईच्या मानेवर ठेवली.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“रंग गेले. तू दिसतेस, पण नाक-डोळे नाहीत.”

“मागे फिरवते.”

“फिरवलीस तर मी उतरून चालत जाईन.”

“पाय आहेत का चालायला?” मी ओरडले. ओरडल्यावर मला रडू फुटलं. ताईने चाचपडत माझा खांदा शोधला आणि म्हणाली, “अगं, रस्ता बघ. आपल्या दोघींत दिसणारे डोळे सध्या तुझेच आहेत.”

आम्ही पोचलो तेव्हा तासाला पाच मिनिटं होती. त्या एकोणीस पायऱ्या ती माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून चढली. प्रत्येक पायरीला आकडा मोठ्याने म्हणत होती, कारण पाऊल कुठे पडतंय ते तिला दिसत नव्हतं आणि कळतही नव्हतं. वर्गात खुर्चीवर बसली. हजेरीची यादी समोर होती, तिला कागदाचा पांढरा चौकोन तेवढा दिसत असणार. म्हणाली, “आज तुम्हीच आपापली हजेरी सांगा. खोटी सांगणाऱ्याचा आवाज मी ओळखते.” मुलं हसली. मग तिने एका मुलीला फळ्यापाशी उभं केलं आणि फळ्याकडे पाठ करून, एकही ओळ न बघता, पूर्ण गणित तोंडाने सांगत लिहून घेतलं. मुलीने मध्येच चूक केली. ताई थांबली, म्हणाली, “खडू थांबला, म्हणजे तुला शंका आलीय. बरोबर आलीय. मागची ओळ पूस.” मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण अशी जिद्द मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

तास संपल्यावर मी बाहेर येऊन दादाला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. अठरा वर्षांचं तुझं ज्ञान काय कामाचं, असंही बोलले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “तिला दिसायला लागलं का?” मी म्हटलं, “हळूहळू.” त्याने फोन ठेवला.

दुपारी तो स्कूटरवर आला. पायांत गॅसचा सिलिंडर, पाठीवर हत्यारांची पिशवी, गळ्यात गेज. आवारात एकच दाट झाड होतं आणि त्याखाली प्राचार्यांची गाडी उभी राहायची जागा होती. प्राचार्य जेवायला गेले होते. दादाने माझी गाडी तिथे लावायला लावली, बॉनेट उघडलं आणि हत्यारं पसरली. शिपाई येऊन दोनदा काहीतरी म्हणाला, दादाने वरसुद्धा बघितलं नाही.

गॅस भरून होतोय तोवर ताई खाली आली. इतका वेळ गारव्यात बसल्याने तिचे पाय जागेवर आले होते, नजर अजून थोडी धूसर होती. तिच्या हातात ती वही होती.

“थंडोबा, इकडे ये. हे आकडे वाच.”

“ताई, आत्ता नको.”

“आत्ताच. दहा, सात, चार, तीन, दोन. गॅस इतके इतके दिवस टिकला.”

“गळती वाढतेय, मला माहितीये.”

“आपोआप नाही वाढत. पहिल्या सोमवारी हवा सात अंश, मंगळवारीही सात. त्या दोन दिवसांत तू आला नाहीस. बुधवारी संध्याकाळी येऊन तू दाब बघितलास. गुरुवारी सकाळी अकरा अंश. काल संध्याकाळी पुन्हा बघितलास आणि आज हे असं. तू जितक्या जास्त वेळा गेज लावतोस, तितका गॅस लवकर जातो. तू लावत नाहीस तेव्हा गळती वाढत नाही.”

दादा भडकला. “म्हणजे मी तपासतो म्हणून गळते? तुला गेजमधलं काय कळतं?”

“काही नाही कळत. मला आकडे कळतात.”

तो तसाच उभा राहिला, एक हात नळीवर. मी त्याचा चेहरा बघत होते. राग हळूहळू उतरला आणि त्या जागी मोज्याचं भोक न्याहाळणारा पोरगा आला. तो गाडीच्या तोंडाकडे बघत होता, जिथे त्याची निळी नळी चढवलेली होती.

“नायट्रोजन भरला तेव्हा गेज लावलेलं होतं,” तो पुटपुटला. “फेस लावला तेव्हाही लावलेलं होतं. प्रत्येक वेळी.”

मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं, खरं म्हणजे स्वतःलाच. त्या तोंडात सायकलच्या ट्यूबमध्ये असते तशी एक बारीक पिन असते. गेज चढवलं की गेजच्या नळीतली सुई ती पिन आत दाबते आणि रस्ता उघडतो. गेज काढलं की पिन वर येऊन तोंड बंद करते. पण गेज चढलेलं असतं तोवर ते तोंड गेजनेच झाकलेलं असतं. पिन खराब असली तरी तपासणीच्या वेळी गॅस तिथून बाहेर येऊच शकत नाही.

“आणि ती निळ्या दिव्याची चमक?” मी विचारलं.

“त्या तोंडाशी चमक होती,” दादा म्हणाला. “तिथे असतेच. गेज काढताना दोन थेंब उडतात. मी दर वेळी फडक्याने पुसून टाकत होतो.”

पिशवीतून त्याने साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश काढला. गेज उतरवलं. तोंडावर फेस लावला आणि आम्ही तिघं बॉनेटखाली वाकून बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग फेसातून एक बुडबुडा वर आला, मोहरीएवढा. तो वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. लगेच दुसरा यायला लागला.

मला उडी मारावीशी वाटली. दादाने मात्र बुडबुड्याकडे पाठ केली, गेजची नळी उन्हात धरली आणि एक डोळा मिटून तिच्या तोंडात बघितलं. आतली सुई एका बाजूला वाकलेली होती. फार नाही, दोऱ्याच्या जाडीइतकी. म्हणजे दर वेळी पिन तिरकी दाबली जायची, तिचं रबर एका कडेने चिरडायचं आणि पुढच्या वेळी थोडं जास्त.

“थंडीत स्टुलावरून पडलं होतं,” तो म्हणाला. “काच फुटली नाही म्हणून मी खूश झालो होतो.”

आणि तो खाली, मातीत, सिलिंडरला टेकून बसला. लोकांना वीस सेकंदांत मूर्खात काढणारा माझा भाऊ त्या दिवशी स्वतःला शब्द शोधत होता आणि त्याला सापडत नव्हते. मी फोनवर त्याला जे बोलले त्यातलं एक वाक्य परत घ्यायची माझी इच्छा होती. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. यापेक्षा जास्त आमच्या घरात कुणी कुणाला करत नाही.

घरी जाईपर्यंतची सोय त्याने तिथेच केली. त्या तोंडावर आतून रबर असलेलं घट्ट टोपण बसवलं, त्यावर पुन्हा फेस लावून बघितला आणि मगच आम्हाला निघू दिलं. गॅरेजवर पोचल्यावर सगळा गॅस काढून घेतला, नवी पिन घातली, नळ्यांमधली हवा पंपाने ओढून काढली आणि वजन करून गॅस भरला. जुनं गेज खिळ्यावरून काढलं आणि कपाटात ठेवलं. शेजारच्या मिस्त्रीचं गेज मागून आणलं, त्याची सुई आधी तीनदा तपासली.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण दादा वही काढून बसला. थंडीपासून त्या गेजने त्याने एकेचाळीस गाड्या तपासल्या होत्या. संध्याकाळी सहा वाजता त्याने पहिला फोन लावला. त्यात एक जण असा होता, ज्याला महिन्यापूर्वी दादाने, “तुम्ही बाहेर कुठेतरी हात लावून घेतलाय, माझं काम गळत नाही,” असं सुनावून हाकलून दिलं होतं. त्याचा नंबर दादाने सगळ्यांत आधी फिरवला. “मी एसीवाला बोलतोय. तुमची गाडी माझ्यामुळे गळतेय. चूक माझी आहे. सवडीने घेऊन या, मी करून देतो.” पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. काय बोलत होता ते ऐकू आलं नाही, पण दादाचे कान लाल झाले होते आणि तो दर वाक्याला, “बरोबर आहे,” म्हणत होता. मग त्याने दुसरा नंबर फिरवला. वहिनीने चहा आणून ठेवला, तो गार झाला, तिने परत गरम करून आणला.

चोवीस दिवस पूर्ण झाले, ताईची नोकरी राहिली, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण मला सांगायचाय तो नववा दिवस.

बुधवारी सकाळी दादा न सांगता आमच्याबरोबर आला. मागच्या सीटवर मधोमध बसला आणि दोन्ही सीटांच्या मधून डोकं पुढे काढून झडपेतल्या थर्मामीटरवर नजर लावली. सहा अंश. निम्मा रस्ता संपल्यावर तो एकदम म्हणाला, “ताई, काल तुझे डोळे माझ्यामुळे गेले.”

ताईने मान वळवली नाही. “हो,” ती म्हणाली.

मला वाटलं, ती काहीतरी गोड बोलेल, समजूत घालेल. तिने वहीत सहा हा आकडा लिहिला.

“रोज येऊन बघत होतो, तुला त्रास नको म्हणून,” दादा म्हणाला. “आणि रोज मीच...”

“थंडोबा, तू रोज आलास म्हणून माझ्याकडे आकडे जमले. दोनदाच आला असतास तर मला काय दिसलं असतं? आता मागे टेक. तुझा श्वास माझ्या मानेवर येतोय, गरम आहे.”

कॉलेज आलं. दादा माझ्याआधी उतरला आणि दार उघडून हात पुढे केला. ताईने तो हात बघितला, बाजूला सारला आणि कठडा धरला. दादा तिच्या एक पायरी मागे, दोन्ही हात हवेत पसरून, ती पडली तर झेलायच्या तयारीत. ती पडली नाही. एकोणीस पायऱ्या ती चढली, सावकाश, एकही आकडा न मोजता. वर पोचल्यावर ती थांबली. पलीकडे दहा पावलांवर सूचनाफलक होता आणि त्यावर एक नवा कागद लावला होता. शिपायाने बारीक पेनाने, दाटीवाटीने लिहिलेला. मला खालून तो पांढरा तुकडाच दिसत होता.

ताईने जागेवरूनच, वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात तो वाचला.

“प्राचार्यांच्या आदेशावरून सूचना. प्राचार्यांच्या जागेत, झाडाखाली, कोणीही गाड्या दुरुस्त करू नयेत. सिलिंडर आणू नयेत. शिपायाने विचारल्यास उत्तर द्यावे.”

दादा पायऱ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडला. मुलं त्याच्या बाजूने वर्गाकडे जात होती. ताईने वरून घड्याळ बघितलं, अकराला तीन मिनिटं होती, आणि ती वर्गात गेली.